मी फाटलो तो नाताळ

मित्रांनो, मी एक जुना ढोलक आहे. माझा आवाज एके काळी खणखणीत होता, हे मीच सांगून टाकतो, कारण आता दुसरं कोणी सांगणार नाही. तुमसरच्या भय्याजींनी बीजाच्या झाडाचं खोड पोखरून मला घडवलं, दोन्ही तोंडांवर बकऱ्याचं कातडं मढवलं आणि दोऱ्यांत कड्या अडकवल्या. कड्या ओढल्या की कातडं ताणलं जाई आणि सूर चढे. मला विकताना त्यांनी बजावलं, "वाजवून झालं का कड्या उतरवा. चढवून ठेवसान त फाटते."

आंबागडजवळच्या एका लहानशा चर्चसाठी चंद्रकांताबाईंनी मला घेतलं. ही १९७४ सालची गोष्ट. बाई धानाच्या शेतात रोवणी, म्हणजे रोपांची लावणी, करत आणि रोवणीच्या चालीवर प्रभूची गाणी रचत. त्यांची बोटं माझ्यावर पडली की पाठ दुखणारे म्हातारेसुद्धा डोलू लागत. काय दिवस होते ते! मला तर वाटे, चर्च माझ्याच जोरावर उभं आहे.

पण कौतुकाचंही ओझं होतं. नाताळला नवी गाणी हवीत, कापणीच्या सणाला हवीत, लग्नाला हवीत, शेजारच्या गावच्या सभेलाही हवीत. बेथलेहेमच्या गोठ्याचा पडदा रंगवायचा, तोही बाईंनीच. पाळक केशवराव माणूस भला, पण मागायला लाजत नसत. "बाई, तेवढं एक गाणं बसवून द्या ना," असं ते म्हणत. देवाच्या कामाला नाही कसं म्हणायचं, म्हणून बाई मान हलवत.

हळूहळू त्यांची गाणी आटली. जुन्याच ओळी उलटसुलट होऊन नवीन म्हणून येऊ लागल्या. एके दिवशी त्या नवऱ्याला, टेकचंदला, म्हणाल्या, "मले आता गाण्याचा रागच येऊन राहिला. हा नाताळ झाला का सोडून देईन." ते ऐकून मी खुंटीवर गार पडलो. बाईंनी गाणं सोडलं तर माझं काय? आणि त्याहून मोठं म्हणजे, बाईंचं काय?

त्या नाताळला सहा नवी गाणी ठरली होती. नाताळच्या आठवडाभर आधी एका रात्री तालीम संपली तेव्हा बाई इतक्या थकल्या होत्या की माझ्या कड्या उतरवायलाच विसरल्या. थंडीनं कातडं आखडलं आणि सकाळ होता होता मी फटकन फाटलो.

केशवराव धावत आले. "आता कसं होईन, बाई? सहा गाणे आहेत ना!"

बाई फाटलेल्या कातड्यावरून बोट फिरवत बसल्या होत्या. मग त्या ताठ उभ्या राहिल्या.

"ढोलक मढवून आणा, पाळकसाहेब. पण नवं गाणं एकच होईन. बाकी जुने, सगळ्याइच्या तोंडातले. परदा पोरी रंगवतीन. अन् याच्यापुढं वर्षाले एकच गाणं."

"पण देवाचं काम आहे, बाई!"

"देवाचंच आहे ना? मंग त्याच्या ताटात शिळं काहून वाढू?"

केशवरावांनी मला उचललं आणि मढवायला नेलं. चर्चच्या पायरीवर मात्र कुजबुज झाली की बाईला शिंगं फुटली आहेत. बाईंनी ते ऐकलं. लग्नाच्या गाण्यासाठी माणसं आली, त्यांनाही त्यांनी नाही म्हटलं. पहिल्यांदा म्हणताना आवाज कापला, दुसऱ्यांदा नाही.

नाताळच्या दिवशी पडद्यावरचं गाढव सशासारखं दिसत होतं. कोणाचं काही अडलं नाही. नवं गाणं झाल्यावर बाईंनी मला टेकचंदच्या हाती दिलं. त्याची थाप म्हणजे नुसतं धान कुटणं! मी ते सोसलं. कारण बाई चटईवर बायकांमध्ये जाऊन बसल्या होत्या, ताल सांभाळायची काळजी न करता गात होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते.

पुढच्या रोवणीत, चिखलात उभ्या असताना, त्यांना एक चाल सुचली. ती कोणी मागितली नव्हती. बांधावर येऊन त्यांनी ती टेकचंदला ऐकवली आणि पोरीसारख्या हसल्या.

मित्रांनो, आता माझ्या जागी नवा ढोलक आला आहे. माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावात कोणी गात असेल, रंगवत असेल, तर टाळ्या वाजवा आणि त्याचं थोडं काम उचला. आणि तुम्हीच गात असाल, तर कधीतरी नाही म्हणा. देव रागावत नाही. मी जवळून पाहिलं आहे.