चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही

त्या आठवड्यात मी चार वेळा मेले, आणि चारही वेळा नवऱ्यामुळे.

एकदा फ्रिजजवळ, दोनदा मिक्सरपाशी आणि एकदा इस्त्री करताना. प्रत्येक वेळी आमचे हे जमिनीवर पडल्या पडल्या डोळे उघडून ओरडायचे, "मेलीस! मीही मेलो आणि तूही मेलीस! आता गुंडीला कोण बघणार?"

गुंडी म्हणजे आमची नात, वय सव्वा वर्ष. सूनबाईची रजा रविवारी संपत होती आणि गुंडीने दिवसभर कुठे राहायचं, हा प्रश्न होता. माझ्या दृष्टीने तो प्रश्नच नव्हता. आजी धडधाकट असताना पाळणाघर कशाला? पण गेल्या महिन्यात एकदा मी गॅसवरचं दूध बघायला वळले आणि तेवढ्यात या पोरीने चमचा घेऊन थेट सॉकेट गाठला. सूनबाईने तिला वरच्यावर उचललं. आरडाओरडा केला नाही, नुसतं म्हणाली, "आई, बाबांकडून घर नीट करून घ्या. बाबा पास म्हणाले की गुंडी तुमच्याकडे. नाहीतर पाळणाघरात नाव घालते."

म्हणजे माझं आजीपण या माणसाच्या हातात गेलं. छत्तीस वर्षं वायरमनची नोकरी करून निवृत्त झालेला हा माणूस निवृत्तीपासून कुणाची तरी चूक काढायला तळमळत होताच. त्याला घरबसल्या अधिकृत परीक्षा घ्यायला मिळाली!

पहिले दोन दिवस बरे गेले. खालच्या सगळ्या सॉकेटना झाकणं बसली, लोंबणाऱ्या वायरी भिंतीवर चढल्या आणि माझा लाडका, तीन ठिकाणी चिकटपट्टी लावलेला एक्स्टेंशन बोर्ड कचऱ्यात गेला. मग यांनी माझी तोंडी परीक्षा घेतली.

"माणूस विजेला चिकटला. काय करशील?"

"हात लावणार नाही. आधी मेन स्विच बंद."

"मेन लांब असेल तर?"

"कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला बाजूला ढकलेन. पाणी टाकणार नाही. सुटला की श्वास बघेन आणि अँब्युलन्सला फोन."

तोंडी परीक्षेत मी पहिली आले. घोडं अडलं प्रात्यक्षिकात.

हे प्रात्यक्षिक न सांगता व्हायचं. मी कणीक मळत असावी, धुणं वाळत घालत असावी, आणि एकदम किंकाळी ऐकू यायची. "धरलं! धरलं! अगं, विजेनं धरलं!" धावत जावं तर हे फ्रिजला हात लावून गडाबडा लोळताहेत, पाय झाडताहेत, डोळे पांढरे करताहेत. मला ठाऊक असायचं की नाटक आहे. नियम तोंडपाठ असायचे. तरी माझा हात आपोआप पुढे जायचा आणि यांच्या खांद्यावर पडायचा. बेचाळीस वर्षं ताप आला की कपाळावर, ठसका लागला की पाठीवर जाणारा हात आहे तो. त्याला मेन स्विच कुठून सुचणार?

"मेलीस," हे म्हणायचे आणि कपडे झटकत उठायचे.

बुधवारी मुलगा आला होता, त्याचीही परीक्षा झाली. त्याने घाबरून हातातलं तांब्याभर पाणी बापाच्या अंगावर ओतलं. "हा माझ्याआधी मेला," असा शेरा मिळाला. ओली बनियन पिळत यांनी त्याला अर्धा तास व्याख्यान दिलं. मला मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं.

शुक्रवार संध्याकाळपर्यंत मी काही पास झाले नाही. सूनबाईचा फोन आला, तेव्हा यांनी माझ्यासमोरच सांगितलं, "आई अजून कच्ची आहे. तू पाळणाघराचं बघून ठेव."

मी रात्रभर यांच्याशी बोलले नाही. गुंडीचं अंथरूण मी केव्हाच शिवून ठेवलं होतं, खिडकीजवळचा कोपरा रिकामा केला होता. आणि हा मनुष्य जमिनीवर लोळून लोळून माझी नात माझ्यापासून तोडत होता.

शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी बैठकीच्या खोलीत पेपर वाचत होते. हे मागे मोरीत कपडे धुण्याचं मशीन उघडून बसले होते. चार दिवस ते मशीन लावलं की घरातली सगळी वीज जायची आणि यांची चिडचिड व्हायची. अधूनमधून पाना आपटल्याचा आवाज येत होता, स्वतःशीच बडबड चालली होती. यांचं कामही तोंडाने चालतं.

मग बडबड थांबली.

मी पेपरचं पान उलटलं. किंकाळीची वाट पाहिली. मनात म्हटलं, आज ओरडू देत कितीही, मी जागची हलायची नाही. पण किंकाळी आलीच नाही. पाना पडला नाही, खोकला नाही, "अगं ऐकलंस का" नाही. झोपेतसुद्धा घोरून घर डोक्यावर घेणारा हा माणूस इतका गप्प? मी पेपर खाली टाकला.

मोरीच्या दारात गेले. हे ओल्या फरशीवर अनवाणी उकिडवे बसले होते, उजवा हात मशीनच्या पाठीत. लोळत नव्हते, पाय झाडत नव्हते. नुसते ताठ, दात घट्ट मिटलेले, आणि डोळे माझ्याकडे. ते डोळे मी आयुष्यात कधी पाहिले नव्हते.

माझा हात पुढे गेला. खोटं कशाला सांगू, गेलाच. तो मी दुसऱ्या हाताने धरला, दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवले, शाळेत बाई उभं करायच्या तसे. आणि यांच्याकडे पाठ फिरवून चालायला लागले.

मेन स्विच पुढच्या दाराशी आहे. मोरीपासून तिथवर अठरा पावलं. बेचाळीस वर्षांत या माणसाला मी शिव्या घातल्या, अबोला धरला, एकदा बॅग भरून माहेरी गेले. पण तो संकटात असताना त्याला सोडून कधी चालले नव्हते. मी पळाले की चालले, तेही आठवत नाही. दाराशी हात सोडले आणि खटका खाली ओढला.

मागे धप्पकन आवाज झाला. धावत आले तर हे भिंतीला टेकून फरशीवर, धापा टाकत. श्वास होता. बोटांवर भाजल्याचे दोन पांढरे डाग होते.

"पास," हे पुटपुटले.

"गप्प बसा," मी म्हटलं आणि अँब्युलन्सला फोन लावला. हे म्हणाले, "आता बरं आहे, कशाला?" मी म्हटलं, "विजेचा धक्का बसला की बरं वाटलं तरी हृदय तपासून घ्यायचं, असं तुम्हीच मला चार वेळा मारून शिकवलंय."

दवाखान्यात छातीला वायरी लावून यांना दिवसभर निजवलं. दुपारी मुलगा आणि सूनबाई गुंडीला घेऊन आले. मुलगा आधी आमच्या घरी जाऊन आला होता आणि त्याचा चेहरा लाल झाला होता.

"बाबा, शॉक बसायच्या आत वीज तोडणारा तो स्विच कुठाय? बोर्डात वायर सरळ जोडलेली आहे!"

हे छताकडे बघत राहिले. "सारखा पडत होता," हळूच म्हणाले. "मशीन चालूच होऊ देत नव्हता. म्हटलं, बिघाड सापडेपर्यंत कामापुरता काढून ठेवू. पाच मिनिटांचं काम होतं."

तो बिचारा स्विच चार दिवस ओरडून सांगत होता की मशीनमध्ये वीज गळतेय. यांनी त्याचंच तोंड बंद केलं. परीक्षक! मला इतका राग आला की पाणी पाजता पाजता मी पेला टेबलावर आपटला.

सूनबाई मात्र शांत. गुंडीला मांडीवर घेऊन तिने विचारलं, "बाबा, आई पास का?"

यांनी गुंडीकडे पाहिलं.

"तोंड उघडत नव्हतं माझं," हे म्हणाले. "हिला दारात बघितलं आणि मनात एकच आलं, ही आता मला धरणार. आता हीपण जाणार. हिचा हात पुढे आलेला दिसला. मग हिने पाठ फिरवली." इथे यांचा आवाज फाटला. "तेव्हा जे हायसं वाटलं ना मला..."

मला वाटत होतं, ती पाठ यांच्या मनाला लागली असेल. अठरा पावलं मी तेच ओझं घेऊन चालले होते. मी खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले.

"आई पास," हे म्हणाले. "मी नापास. सोमवारी गुंडी आली असती. ते मशीन तिच्या हाताच्या उंचीला आहे."

गुंडी आजोबांच्या छातीवरच्या वायरी ओढायला बघत होती.

"गुंडी सोमवारी आईंकडे येईल," सूनबाई म्हणाली. "उद्या दुसरा वायरमन येऊन स्विच बसवेल, मशीन दुरुस्तीला जाईल. बाबांचं काय करायचं, ते आईंनी ठरवावं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, हेसुद्धा. मी जरा वेळ घेतला. चार वेळा मेलेल्या बाईला तेवढा हक्क होता.

"राहू देत," मी म्हटलं. "पण माझ्या नजरेसमोर. आणि हात मागे."

तेव्हापासून दिवसभर मी दोन मुलं सांभाळते, एक सव्वा वर्षाचं आणि एक एकोणसत्तर वर्षांचं. त्यातलं धाकटं एकदा सांगितलं की ऐकतं.