तपासणीच्या दिवसाची चादर

मित्रांनो, मी एक जुनी सुती चादर आहे. आता माझ्या चिंध्या झाल्या आहेत, तरी ओहायोतल्या त्या गरीबघराची गोष्ट सांगण्याइतकी मी शाबूत आहे.

जिल्ह्यातल्या निराधार बायका तिथे राहत. त्या गवताच्या उघड्या गाद्यांवर झोपत आणि मी अकरा बहिणींसह कापराच्या पेटीत. दर शरद ऋतूत राज्याच्या धर्मादाय मंडळाचे निरीक्षक येत. त्याआधी त्यांचे पत्र येई. मग व्यवस्थापक प्रुइटबाई आम्हाला बाहेर काढत. निरीक्षक पलंग मोजत, आमची स्तुती करत, जेवून जात. संध्याकाळी आम्ही पुन्हा पेटीत. माझ्यावर कधी कोणी झोपलेच नाही.

माझा पलंग सातवा. त्याच्याखालच्या फळ्यांमधून ठोके ऐकू येत. तीन ठोके, मग शांतता. पुन्हा तीन. केझाया नावाची बाई पाहुण्यांना खरे सांगते, म्हणून तिला तळघरात कोंडले होते. दर वर्षी ठोके मंदावत गेले.

एकदा मंडळाने फेब्रुवारीतच थर्झा कोलबर्न नावाच्या बाईंना पाठवले. पत्र आधी आले होतेच, म्हणून आम्ही पलंगांवर होतो. त्यांनी माझ्यावर तळहात ठेवला. माझ्या घड्या कडक होत्या. त्यांनी वाकून कापराचा वासही घेतला.

"इथे कोण झोपतं?"

"केझाया. बागेत गेलीय, बटाटे काढायला." प्रुइटबाईंच्या तोंडात हेच उत्तर बसले होते. बाहेर मात्र गुडघाभर बर्फ होते.

तेवढ्यात खालून ठोके आले. फारच क्षीण.

"उंदीर, बाई. मेले फार मातलेत."

"मोजून ठोकतात वाटतं तुमचे उंदीर?"

मंडळाला हुकूम देण्याचा अधिकार नाही, असे प्रुइटबाईंनी सुनावले. ते खरेच होते.

"बरोबर आहे. मला फक्त पाहता येतं," कोलबर्नबाई शांतपणे म्हणाल्या. "तर पाहू द्या. किल्ली आणा."

तळघर उघडून दोघींनी केझायाला वर आणले आणि माझ्यावर निजवले. ती बर्फासारखी गार होती, डोळे उघडे, पण कोणाकडेच पाहत नव्हते. दार सताड उघडे असूनही तिची बोटे पलंगाच्या लाकडावर ठोकतच राहिली. आपल्याला उत्तर मिळाले आहे, हे तिच्या हाताला कळायला वसंत उजाडावा लागला.

पुढे मंडळाची पत्रे थांबली. माणसेच अचानक दारात उभी राहू लागली.

मित्रांनो, पांढरी चादर पाहून समाधान मानू नका. तिच्यावर कोण झोपते, ते विचारा. आणि दुबळ्यांची विचारपूस करायला निघालात, तर कृपा करून आधी कळवू नका.