ग्रिपला हळद-कुंकू

मला एक खोड हाय. एखादी वस्तू महाग असली की ती का महाग, हे कळल्याबिगर माझ्या जिवाला चैन पडत न्हाई. आता ही बॅटरी ग्रिपच घ्या. कॅमेऱ्याच्या बुडाला लावायची डबी. पोटात दोन बॅटऱ्या मावतात, अन बाजूला एक जादा बटण असतं, म्हंजी कॅमेरा उभा धरला तरी कोपर वर करावं लागत न्हाई. कंपनीची घ्यावी तर चौपट किंमत, बिननावाची मागावी तर दुकानदारच तोंड वाकडं करतो. मग ह्यातलं खरं काय?

मी, उज्वला, लग्नाचे फोटो काढते. माले गावापासनं मुठा गावापातूर, कुणाचंबी लग्न असू दे. पण ह्या खेपेला ग्रिप लग्नासाठी नको व्हती, दादांसाठी पायजे व्हती. दादा म्हंजी माझा बाप, येसाजी. बिरोबाच्या जत्रंत धनगरी गजी नाचाच्या फेराला पुढं तेच नाचतात, मी जन्मायच्या आधीपासनं. आता दोन्ही गुडघं गेले. डॉक्टर म्हणाले, नाच बंद. दादा म्हणाले, "एक फेर देवाला घालतो, मग बंद." अन आमच्या घरात त्यांचा नाचतानाचा एक फोटो न्हाई! लेक जगाचे फोटो काढत हिंडती, अन घरात दिव्याखाली अंधार. मला तो फोटो पायजेच व्हता.

म्हणून बिननावाची ग्रिप विकत आणली, अन पिरंगुटला जिचा स्टुडिओ हाय त्या सोनियाकडनं तिची कंपनीची मागून आणली. जत्रंच्या आदल्या सांजंला दोन्ही पडवीत मांडून बसले. कंपनीच्या ग्रिपच्या दाराला रबराची बारीक पट्टी, बटण मऊ. बिननावाच्या ग्रिपचं बटण कट्कन वाजतं, दार जरा ढिलं. फोटो मात्र सारखेच. मला तर लई गंमत वाटाय लागली.

दादा गुडघं चोळत बघत व्हते. "महागड्या डबीनं फोटो चांगला येतो व्हय?"

"न्हाई दादा, फोटो तसाच. बॅटरी टिकती अन हात दुखत न्हाई."

"हाताच्या दुखण्याला येवढं पैसं? माझ्या गुडघ्याला कुणी देईना!"

आई जवळ येऊन वाकून बघाय लागली. मी दोन्हींचे कप्पे ओढून तिला आतल्या पितळी पट्ट्या दाखवल्या. "हिचा सगळा जीव हितं हाय बघ."

"असू दे," आई म्हणाली, "पण पूजा केल्याबिगर नवी वस्तू बाहेर न्यायची न्हाई हां."

सकाळी बघते तर दोन्ही ग्रिपवर एकेक बोट हळद-कुंकू. म्हटलं बरं झालं, आईचं समाधान झालं. सगळं पिशवीत टाकलं अन पळाले.

देवळापुढं ढोल घुमाय लागला व्हता. कंपनीच्या ग्रिपमधे आत न बघताच बॅटऱ्या सरकवल्या, कॅमेऱ्याला लावली. दादा पांढरा झगा, फेटा घालून पुढं आले, हातात रंगीत रुमाल. भंडारा उधळला, फेर सुरू झाला. मी बटण दाबलं. कॅमेरा ढिम्म! घाईघाईनं दुसरी ग्रिप लावली. तीबी ढिम्म. अगं बया! कप्पा बाहेर ओढला, तर आतल्या पट्ट्यांवर हळद-कुंकू थापलेलं, वाळून घट्ट बसलेलं.

"आई! आत कशाला लावलंस गं?" फेर बघाय शेजारीच उभ्या आईवर मी खेकसले.

"वरवर लावून देव पावतो व्हय? जीव आत हाय म्हणून तूच सांगितलंस की!"

संतापानं माझं डोळं भरून आलं. ग्रिप काढून फेकली, ओढणीनं बॅटरी पुसली, नुसत्या कॅमेऱ्यात घातली. दिवा लागला. अन तेवढ्यात ढोल थांबला.

फेर संपला व्हता. दादा गुडघा धरून उभे व्हते अन माझ्याकडंच बघत व्हते. मी नुसती मान हलवली. न्हाई मिळाला.

दादा ढोलवाल्या कोंडाजीकडं वळले. "वाजीव रं. अजून एक."

"दादा, नको! गुडघं बघा की तुमचं!" मी ओरडले.

"तू कॅमेरा धर," म्हणाले, अन ढोल वाजायच्या आधीच त्यांचा पाय उचलला.

मी कॅमेरा उभा धरला, कोपर वर करून, पार फेर संपंस्तोवर. हाताला रग लागली पण खाली घेतला न्हाई. एक फोटो असा आला की दादांचे दोन्ही पाय जमिनीच्या वर, भंडाऱ्यात फक्त दात अन रुमाल दिसतायत.

सांजंला दादा पडवीत आडवे झाले व्हते. आई त्यांच्या गुडघ्यांना गरम हळद लावत व्हती. मी दोन्ही ग्रिप स्पिरिटनं पुसल्या, दोन्ही चालू झाल्या. सोनियाचा फोन आला, "मग, कंपनीचीच घ्यावी ना?"

"अगं, अजून न्हाई कळलं. आईच्या पूजेपुढं दोघी सारख्याच."

दादांना फोटो दाखवला. त्यांनी कॅमेरा लांब धरून लई येळ बघितलं.

"ह्यो कंच्या डबीनं काढला?"

"कुठल्याच न्हाई दादा. नुसत्या हातानं."

"मग हात दुखला आसंल की," म्हणाले, अन पडल्या पडल्याच माझं कोपर दाबाय लागले.