वारुळाची माती

मित्रांनो, मी एक म्हातारी रानमांजर आहे. तळपाय काळे, अंगावर ठिपके आणि चण एवढीशी, की तुमच्या घरची माऊ माझ्यापुढे थोराड दिसेल. कालाहारीच्या कोरड्या गवतात, वाळवीने सोडून दिलेल्या वारुळात माझा जन्म झाला.

लग्नकार्य निघालं की आमच्याकडच्या बायका वारुळाची माती आणून भिंती लिंपतात. म्मासेओदीच्या लेकीचं, सेओदीचं, लग्न ठरलं होतं. दोघी मायलेकींनी आमचंच वारूळ फोडायला घेतलं.

"अगंबाई! मूठभर जीव, आणि फिसकारतेय बघ कशी वाघिणीसारखी!" म्मासेओदी म्हणाली.

"आई, राहू दे तिला. तिची आई येईल की."

"यायची असती तर टाकून गेली असती का? उपाशी मरेल गं लेकरू."

माझी आई शिकारीला गेली होती, एवढंच. पण हे मी सांगणार कसं?

म्मासेओदीने मला घरी नेलं आणि पोटचं समजून शेळीचं दूध पाजलं. त्या दिवशी दिवस कलताच कुंपणापलीकडून आईची हाक आली. मी जीव तोडून ओरडले. तेवढ्यात कुत्री भुंकत धावली. मग हाक आली नाही, पुन्हा कधीच आली नाही.

मोठी झाल्यावर मी कोंबडीची पिल्लं मारली. घरधनी काठी घेऊन उठला, तेव्हा म्मासेओदीनेच मला जाळीच्या खुराड्यात घालून वाचवलं. माझ्या जातीने रानभर भटकावं. मी मात्र या जाळीपासून त्या जाळीपर्यंत चालत राहिले. पाहुणे कौतुक करत, मग विसरत. माझे दात झिजले, नजर अधू झाली.

सेओदी लग्न होऊन केव्हाच दूर सासरी गेली होती. एकदा ती माहेरी आली, तिला परत पोचवून आल्यावर म्मासेओदी माझ्यापाशी येऊन बसली आणि हमसाहमशी रडली.

"माझी पोर मी वाजतगाजत धाडली, तरी घर खायला उठतं. तुझ्या आईला तर मी विचारलंसुद्धा नाही गं!"

तिने दार उघडलं. "जा, बाई. जा आपल्या घरी."

मी बाहेर आले, पण रानाकडे पाय वळेनात. मी घराच्या भिंतीशी गेले आणि तिला नाक लावून बसले. पावसाने ओलावलेल्या त्या मातीला अजून आमच्या वारुळाचा वास होता. माझं घर तिथेच लिंपलेलं होतं.

मित्रांनो, माती खुशाल न्या. फक्त आधी बिळात डोकावून बघा. आत एखादं पिल्लू दिसलं, तर त्याची आई परत येईपर्यंत कुदळ खाली ठेवा.