मोकळ्या खिळ्यावरची पट्टी

मी एक जुना फळा आहे. शाळेच्या भिंतीवर असतो तसला काळा फळा नव्हे. माझ्यावर कधी खडू फिरला नाही. मी पाइनच्या लाकडाचा, दाराएवढा उंच, आणि माझ्या अंगावर दोनशेच्या वर खिळे आहेत. आज त्या खिळ्यांवर खुरपी, कात्र्या आणि पाण्याची नळी टांगलेली असते. पण मित्रांनो, एके काळी वेस्लिंग गावातली आठ मोठी माणसे माझ्यासमोर उभी राहून लहान मुलांसारखी भांडत असत.

१९८३ च्या मार्चमध्ये लॉइड हरूस्काने मला घडवले. लॉइड अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या आमच्या त्या गावात शाळेची बस चालवी. सकाळची फेरी संपली की दुपारपर्यंत त्याला काम नसे, म्हणून रंधा हातात घेई. त्याने मला तासले, घासले, दोनदा तेल पाजले आणि व्हर्ना टोलेफसनच्या हार्डवेअरच्या दुकानात मागच्या भिंतीवर ठोकले. माझ्या एका बाजूला रंगाचे डबे आणि दुसऱ्या बाजूला कॉफीची किटली होती.

माझे काम असे होते. बेसबॉलचे खरे खेळाडू दूरच्या मोठ्या शहरांत खेळत. वेस्लिंगमधले हे आठ जण त्यांच्यातलेच वीस-वीस खेळाडू आपापसांत वाटून घेत आणि त्यांना ‘माझा संघ’ म्हणत. खऱ्या मैदानात खेळाडूने काय केले ते वर्तमानपत्रात येई. दर मंगळवारी व्हर्ना ते आकडे बघून कोणाच्या संघाला किती गुण ते काढी. तिचा स्वतःचा संघ नव्हता. म्हणून तर तिच्या शब्दाला मान होता.

प्रत्येक खेळाडूच्या नावाची एक लाकडी पट्टी होती आणि प्रत्येक मालकाची माझ्यावर एक रांग होती. रांगेच्या शेजारी लॉइडने तांबड्या रंगात नियम लिहिले होते. एक खेळाडू घ्यायचा तर एक सोडायचा. सोडलेल्याची पट्टी खाली, मोकळ्या खिळ्यावर टांगायची. रविवारी गावचा बाराचा भोंगा झाला की त्या खिळ्यावरच्या खेळाडूवर पहिला हक्क सर्वांत मागे पडलेल्या संघाचा. पट्टी मालकाने स्वतःच्या हातानेच हलवायची. निरोप, चिठ्ठी, फोन चालणार नाही. आणि चुकून पट्टी हलली असेल तर भोंग्याआधी सर्वांसमोर काय चूक झाली ते सांगायचे, म्हणजे पट्टी परत मिळेल.

हे सगळे नियम लॉइडचेच होते आणि ते पाळण्यात त्याच्याइतका कडक कोणी नव्हता. एकदा एमिल डिटमार धावतपळत आला. एमिल डुकरांचे खाद्य विकायचा, त्याचा ट्रक वाटेत रुतला होता. त्याने हात लांब केला आणि तेवढ्यात भोंगा थांबला.

“संपलं, एमिल,” लॉइड म्हणाला.

“अरे, माझी बोटं पट्टीवर होती!”

“बोटं होती. पट्टी जागेवरच होती.”

“तू माणूस आहेस की कुलूप रे?”

एमिलने ते पुढे दोन वर्षे सर्वांना ऐकवले.

ही माझी कौतुकाची वर्षे होती. गावात आलेले पाहुणे मला बघायला दुकानात येत. कोणी माझ्या कडेवरून हात फिरवून विचारी, “हे कुणाचं काम?” आणि लॉइड उगीचच बोल्टांच्या खणात काहीतरी शोधू लागे.

मग १९८८ च्या उन्हाळ्यात मला एक गोष्ट कळली, जी दुकानात कोणालाच ठाऊक नव्हती. लॉइडची बोटे बदलली होती. पूर्वी तो नाव वाची आणि पट्टी उचली. आता तो खालून एक, दोन, तीन असे खिळे मोजी. पट्टीवरच्या अक्षरांवरून हलकेच अंगठा फिरवी. शेजारी कोणी आले की हात चटकन खिशात. त्याच्या संघात कोण कुठे टांगले आहे ते त्याला पाठ होते, जसा डॉक्टरकडचा डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ताही पाठ होता. त्या पाठांतरावरच तो बस चालवायची परवानगी टिकवून होता, हे मला पुढे कळले.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, एका सोमवारी, व्हर्नाने माझी साफसफाई काढली. सगळ्या पट्ट्या उतरवून ओल्या फडक्याने पुसल्या आणि परत टांगताना प्रत्येक रांग नावांच्या क्रमाने लावली. तिला वाटले, शोधायला सोपे जाईल.

गुरुवारी लॉइड आला. त्याच्या संघातला रँडल नावाचा म्हातारा फलंदाज खांदा धरून बसला होता, त्याला सोडायचे होते. लॉइडने खालून तिसरा खिळा मोजला, पट्टी काढली, मोकळ्या खिळ्यावर टांगली, नवा खेळाडू घेतला आणि शीळ घालत निघून गेला. पण खालून तिसऱ्या खिळ्यावर आता रँडल नव्हता. तिथे रँकिन होता. रँकिन म्हणजे बावीस वर्षांचा पिचर, चेंडू फेकणारा. त्या वर्षी त्याने टाकलेला चेंडू कोणाच्या बॅटला धड लागत नव्हता. आमच्या आठही संघांत त्याच्या तोडीचा दुसरा पिचर नव्हता.

शुक्रवारी सकाळी एमिल कॉफीला आला आणि त्याने कप तसाच खाली ठेवला.

“व्हर्ना! अगं इकडे ये! कुलपाने रँकिनला सोडलं!”

“गंमत करू नकोस.”

“हे बघ ना! मोकळ्या खिळ्यावर! आणि सगळ्यात शेवटी कोण आहे? मी! आयुष्यात पहिल्यांदा शेवटचा असल्याचा फायदा होतोय.”

व्हर्ना पट्टीकडे बघत राहिली. मग तिने लॉइडची रांग खालून वर पाहिली. सोमवारी आपणच ती रांग बदलली हे तिला आठवले असावे, कारण ती काउंटरमागे गेली आणि बराच वेळ एका गिऱ्हाइकाला चुकीच्या मापाचे स्क्रू मोजून देत राहिली.

शनिवारी लॉइड बिजागऱ्या घ्यायला आला. एव्हाना एमिलने गावभर सांगितले होते, त्यामुळे काय झाले ते त्याला कळले होते.

“लॉइड, जरा तुझ्या रांगेतलं वरून पाचवं नाव वाचून दाखव,” व्हर्ना म्हणाली.

“चष्मा गाडीत राहिला.”

“तू चष्मा कधी लावलास?”

“व्हर्ना, मला बिजागऱ्या हव्यात, परीक्षा नको.”

“या वसंतात मी रस्त्याकडेच्या टपालपेट्यांचे तीन खांब विकले. तिन्ही तुझ्या बसच्या वाटेवरच्या शेतांना. मोडल्या कशा त्या पेट्या?”

“बर्फ होता.”

“एप्रिलच्या शेवटी?”

त्याने पिशवी उचलली आणि तो गेला.

रविवारी चर्च सुटल्यावर आठही जण मागच्या दाराने दुकानात आले. बाराला दहा मिनिटे कमी होती. नियमाप्रमाणे व्हर्नाने विचारले, “लॉइड, रँकिनची पट्टी चुकून हलली की मुद्दाम?”

मित्रांनो, ‘चुकून’ एवढे म्हटले असते तर पट्टी परत मिळत होती. पण नियम पुढेही होता. काय चूक झाली ते सांगायचे होते. दिसले नाही, असे सांगायचे होते, आणि समोर उभ्या असलेल्यांपैकी तिघांची मुले त्याच्या बसमधून शाळेत जात होती.

“मुद्दाम,” लॉइड म्हणाला. “पोराचा हात फार काळ टिकायचा नाही.”

“डोकं फिरलं याचं!” कोणीतरी हसले. भोंगा झाला. एमिलने रँकिनची पट्टी उचलून मुका घेतला आणि आपल्या रांगेत टांगली. “कुलूप उघडलं रे!” असे तो ओरडला. सगळे हसत हसत जेवायला घरी गेले. लॉइड मात्र थांबला, कारण व्हर्नाने दाराला पाठ लावली होती.

“किती दिसतं?” तिने विचारले.

“कडेचं दिसतं. मधोमध डाग आहे. जिकडे बघतो तिथे डाग.”

“आणि मुलं?”

“चढताना बूट दिसतात. मी त्यांना बुटांवरून ओळखतो.”

व्हर्नाने खुर्ची ओढली आणि ती त्याच्यासमोर बसली.

“बायको गेल्यापासून त्या घरात मी फक्त झोपायला जातो,” तो म्हणाला. “पहाटे पाचला उठायला मला ती बसच आहे. ती गेली तर उठून करू काय?”

“ते मला माहीत नाही, लॉइड. पण उद्या पहिल्या फेरीच्या आधी तू शाळेत जाऊन सांग. सात वाजेपर्यंत. नाहीतर मी फोन करीन.”

“हा कुठला नियम?”

“हा माझा.”

तो निघून गेला.

सोमवारी व्हर्नाने साडेसहालाच दुकान उघडले. फोन माझ्या शेजारच्या भिंतीवर होता. तिने दोनदा रिसीव्हर उचलला, दोनदा ठेवला. पन्नास वर्षांची ओळख होती ती. सातला पाच मिनिटे कमी असताना दार वाजले. लॉइड आत आला. त्याच्या बुटांना ओला चिखल लागला होता.

“चालत आलास?”

“बसच्या किल्ल्या शाळेत दिल्या. माझ्या गाडीच्याही. आता तीही चालवायची नाही.” त्याने डोळे चोळले. “कॉफी झालीय का?”

दुपारपर्यंत गावाला कळले. काही आईबाप चिडले, आणि त्यांचे चिडणे चूक नव्हते. व्हर्नाने काही लपवले नाही, तेव्हा एक बाई दुकानात येऊन तिलाच बोलली, “तुला शुक्रवारी संशय आला होता ना? मग शुक्रवारी दुपारी पोरं त्याच बसने घरी कशी आली?” व्हर्नाने मान खाली घातली.

संध्याकाळी एमिल आला. त्याने रँकिनची पट्टी काढून लॉइडच्या हातात कोंबली. “घे बाबा. मला काय ठाऊक? नाहीतर असा नाचलो असतो का मी?”

“भोंगा झाला, एमिल.”

“खड्ड्यात गेला भोंगा!”

“चूक आधी सांगायची होती. मी नाही सांगितली. पट्टी तुझी.”

“बरं, मग अदलाबदल कर. तो तुझा रँडल दे मला.”

“मोडक्या खांद्याचा? ती अदलाबदल नाही, भीक झाली.” लॉइडने पट्टी परत केली. “आणि मी खेळ सोडतोय. स्वतःच्या हाताने पट्टी हलवायची असा नियम आहे. वाचता येत नाही तो काय हलवणार?”

एमिल पाय आपटत बाहेर गेला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिशातला चाकू घेऊन आला, सगळ्या पट्ट्या एका बादलीत भरल्या आणि दुकानाबाहेरच्या बाकावर बसला. प्रत्येक पट्टीच्या कडेला तो खाचा पाडू लागला. पिचरला वर एक खाच, फलंदाजाला खाली, मग प्रत्येकाची वेगळी खूण. खाद्याच्या फेऱ्या सांभाळून त्याला हे करायला अकरा दिवस लागले. दोनदा बोट कापले. येणारे-जाणारे विचारत, “एमिल, हे रे काय?” तो म्हणे, “नियमात कुठे लिहिलंय, पट्टीला खाच नको म्हणून?”

लॉइड पहिले काही दिवस बाकाकडे फिरकला नाही. मग एका दुपारी तो शेजारी येऊन बसला, बादलीतून एक पट्टी उचलली, कडेवरून नख फिरवले.

“ही खाच वाकडी आहे.”

“तुला दिसली?”

“लागली.”

“मग बरोबर आहे,” एमिल म्हणाला.

त्या वर्षी जुलैत रँकिनचे कोपर गेले आणि एमिल पुन्हा शेवटचा आला. लॉइडचा संघ तिसरा आला. बेसबॉलमध्ये असे होते. लॉइड पुढे आणखी नऊ हंगाम खेळला. सकाळी तो दुकानात येऊन बसू लागला, आणि व्हर्नाने त्याला बिजागऱ्या आणि बोल्ट हाताने निवडायचे काम दिले. ते त्याला डोळसांपेक्षा चांगले जमे.

नंतर कॉम्प्युटर आला. त्याला भोंगा लागत नाही, पट्टी लागत नाही, घरी बसून खेळाडू बदलता येतो. मला उतरवून रंगाच्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून ठेवले. तिथे मला ओल लागली, एक कोपरा फुगला, कोणीतरी माझ्यावर हिरवा रंग सांडला. दुकान बंद झाले तेव्हा व्हर्नाने मला आपल्या गॅरेजमध्ये नेले. ती अजून कधी कधी खुरपे काढताना माझ्यापुढे थांबते. लॉइड वारला, एमिलही वारला. त्या शुक्रवारी बसला काही झाले नाही, एकतीस मुले सुखरूप घरी आली. तरी व्हर्ना म्हणते, “मी शुक्रवारीच विचारायला हवं होतं.”

मित्रांनो, जुन्या लाकडाला ओलीत टाकू नका, वर्षातून एकदा तेलाचा हात द्या, एवढे तर मी सांगेनच. पण त्याहून मोठी गोष्ट वेगळी आहे. तुमच्या आसपास एखादा माणूस पायऱ्या मोजून उतरत असेल, वाचायचे टाळत असेल, चष्मा विसरल्याचे रोज सांगत असेल, तर त्याला हसू नका आणि रविवारची वाटही बघू नका. त्याच्याजवळ जाऊन विचारा. व्हर्नाने दोन दिवस घालवले. मला तर लॉइडची बोटे वर्षभर आधीपासून कळत होती. पण मी लाकूड आहे, मला तोंड नव्हते.

तुम्हाला आहे.