हातची राखलेली बेकरी

लिफ्ट दुरुस्तीच्या त्या कंपनीत तिला सगळेच आत्या म्हणत. कुणाच्याच बापाची ती बहीण नव्हती. पण टेबलाशेजारी एक जादा खुर्ची ठेवायची, आणि जो मेकॅनिक अडेल तो येऊन त्या खुर्चीत टेकायचा. कुठल्या इमारतीची लिफ्ट का रुसते, हे आत्याला तोंडपाठ. उत्तर एका वाक्याचं, गप्पा मात्र तासभर. साहेब ओरडायचे. ओरडू देत बापडे!

मग कंपनीनं मदतनीस आणला. माणूस नव्हे, फोनमधला. जुन्या तक्रारी, यंत्रांची माहिती, सगळं त्याच्या पोटात घातलं आणि साहेब म्हणाले, "आत्या, तुमच्या डोक्यातलंही त्याला सांगून टाका." आत्या रोज माइकसमोर बसून भडाभडा सांगत सुटली. कुणीतरी आपलं इतकं ऐकून घेतंय, याचंच तिला अप्रूप. घरी ऐकायला होतं कोण? नवरा गेलेला, लेक परगावी, आणि तिचा फोन सुरूच व्हायचा तो "ठेवते गं आई" नं.

एक गोष्ट मात्र आत्यानं हातची राखली. खाली घड्याळाचं दुकान असलेली एक जुनी इमारत होती. तिथल्या लिफ्टमध्ये बिघाड असा नव्हताच. शेजारचा बेकरीवाला विजेची मोठी भट्टी लावायचा, व्होल्टेज पडायचं आणि लिफ्ट मधेच थांबायची. हे कागदावर कुठंच नव्हतं. निदान एवढं विचारायला तरी कुणी येईल, असा तिचा साधा हिशेब.

कुणी येईना. मेकॅनिक दारातूनच "काय आत्या, बरं ना?" म्हणत आणि फोनशी बोलत निघून जात. खुर्चीवर कुणीतरी हेल्मेटं रचून ठेवली. दुपारचा डबा ती खिडकीकडे तोंड करून खायची, म्हणजे एकटी बसलीय असं दिसायला नको. काय पण सोंग! एकटी तर ती होतीच, रडू फुटेल इतकी.

शेवटी एक दिवस नवी मेकॅनिक पोरगी धापा टाकत आली. आत्यानं झटक्यात हेल्मेटं खाली ठेवली, पदरानं खुर्ची पुसली. "ये ये, बस बाई. चहा सांगू?"

"बसत नाही आत्या. ती घड्याळवाली इमारत हो! मदतनीस म्हणतो, दाराचा सेन्सर बदला. बदलला, परत बदलला. आज एक आजोबा आत अडकले. बाहेर काढलं तर थरथरत होते नुसते, माझा हात सोडेनात."

इतके दिवस आत्या याचीच तर वाट पाहत होती! तिला स्वतःचीच लाज वाटली. एरवी तासभर लांबवलं असतं, पण बेकरी, भट्टी, व्होल्टेज, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

"अगंबाई, एवढंच? मग मदतनीसाला कसं माहीत नाही?"

"राहिलं असेल सांगायचं," आत्या पुटपुटली.

पोरीनं उभ्याउभ्याच ते फोनला सांगून टाकलं. मग अगदी मायेनं आत्याच्या खांद्यावर हात ठेवला. "झालं काम! आता तुम्हाला कुणी त्रास द्यायला येणार नाही."

"बरं केलंस हो," आत्या म्हणाली, आणि पोरगी जिन्याच्या वळणाआड जाईपर्यंत तिनं तोंड हसरं ठेवलं.