मे महिन्यातला माळ

चेतना हिरेमठ सोलापुरातल्या एका कॉलेजात अठरा वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होती, आणि तिला एक खोड होती. रस्त्यानं जाताना कुणाच्याही कुंपणात डोकावून झाडाचं शास्त्रीय नाव सांगायचं. नवरा म्हणायचा, हिच्याबरोबर मंडईत जाऊ नये, कोथिंबिरीचं कूळ ऐकल्याशिवाय जुडी पिशवीत पडत नाही. अशा या विदुषीनं मे महिन्यात, त्रेचाळीस अंशांच्या उन्हात, बार्शी रस्त्याकडच्या एका गायरान माळावर उभं राहून कागदावर लिहून दिलं: 'माळ ओसाड आहे. नोंद घेण्याजोगी वनस्पती आढळली नाही.' खाली ठसठशीत सही.

कॉलेजला तिथं पाचशे झाडं लावायची होती आणि ग्रामपंचायतीला जाणकाराचं पत्र हवं होतं. पत्र मिळालं, मुलं टिकाव-फावडी घेऊन आली, खड्डे सुरू झाले. माळाच्या टोकाला बिरोबाचा शेंदूर लावलेला दगड होता. देवाला सावली व्हावी म्हणून त्याच्याभोवती बेल आणि आपटा दाट लावू, ही कल्पना चेतनाचीच. मग तिथली चार खाटांएवढी जागा मुलांनी सबंध खणून काढली.

खणताना भुवनेश्वरी नावाची एक विद्यार्थिनी हातात काहीतरी घेऊन आली होती. सुपारीएवढा, मातकट, गोल गड्डा. असे बरेच निघतायत, म्हणाली. चेतनाला ऊन लागत होतं, टेम्पोवाला घाई करत होता. तिनं धड बघितलंही नाही. कसला तरी कांदा असेल, टाक बाजूला, असं सांगून ती पाण्याच्या बाटल्या मोजायला गेली.

ऑगस्टमध्ये रोपं किती जगली ते बघायला ती एकटीच स्कूटरवरून माळावर गेली. देवाजवळ एक म्हातारी मेंढरं सोडून बसली होती. बजाबाई तिचं नाव, राहायला खालच्या वस्तीवर. झाडं लावणाऱ्या बाई त्या तुमीच का, असं विचारून तिनं फडकं सोडलं आणि कडक भाकरी न् शेंगाचटणी पुढं केली. चेतनानं नको-नको म्हणून बघितलं, पण भूक लागली होती आणि चटणी झणझणीत होती. सगळी भाकरी संपल्यावर तिच्या लक्षात आलं, म्हातारीनं स्वतः तुकडाही मोडलेला नाही.

बजाबाई दिवसाचं अन्न घेत नव्हती. घरी सून ओरडेल म्हणून भाकरी बांधून आणायची आणि माळावर भेटेल त्याला द्यायची. रात्री तेवढी वाटीभर कण्या खायची. असं पंधरा दिवस चाललं होतं. कारण विचारल्यावर तिनं देवाकडं बोट केलं. देवाच्या खालच्या अंगाला, दर वर्षी श्रावण लागला की पांढरी फुलं यायची. एका दांड्यावर सात-आठ, पाकळ्या पाखराच्या पंखासारख्या पसरलेल्या, आणि मागं लांब शेपूट. तिची सासू ती देवाला वाहायची, पुढं ती वाहू लागली. दुसरीकडं कुठं ती उगवायची नाहीत.

"आवंदा देव रुसलाय माज्यावर," बजाबाई म्हणाली. "वैशाखात पाय लई भाजत हुतं. म्या चपला घालून देवाम्होरनं गेले. आता फूल दिसल्याबिगर दिवसा खायचं न्हाय, असं बोललेय त्याला."

ती अनवाणी होती. चेतनाच्या पायात बूट होते, आणि मे महिन्यात साठ मुलं बुटांनिशीच इथं नाचली होती.

शेपूट असलेलं पांढरं फूल. आमरी. झाडावर नव्हे, जमिनीत वाढणारं ऑर्किड. पाऊस संपला की तिचं पान-दांडा सगळं वाळून जातं आणि मातीखाली नुसता गड्डा झोपून राहतो. उन्हाळ्यात त्या जागी उभं राहिलं तरी काही दिसत नाही. म्हणून तिचा शोध पावसाळ्यातच घ्यायचा, हे चेतना प्रत्येक वर्गाला सांगत आली होती. आता ते बजाबाईला सांगायचं, एवढंच काम होतं. पण तोंडात अजून तिच्याच चटणीची चव होती. "येईल की," ती म्हणाली, "पाऊस कमी झालाय ना यंदा." आणि चोरासारखी स्कूटर काढून निघाली.

घरी आल्यावर तिला स्वतःची किळस आली. दुसऱ्या दिवशी तिनं प्राचार्यांना सांगून पाहिलं. ते हसले, कुणाला कळणार आहे मॅडम, म्हणाले. गुरुवारी वर्गात नेमका आमरीचाच धडा आला. फळ्यावर तिनं दोन गड्डे काढले, एक सुकत चाललेला जुना आणि एक पुढच्या वर्षासाठी भरत आलेला. धुळीसारखं बी, आणि ते रुजायला त्याच मातीतली बुरशी लागते, हेही सांगितलं. मागं वळली तर पहिल्या बाकावरची भुवनेश्वरी फळ्याकडं बघत होती. मग तिनं चेतनाकडं बघितलं, आणि बाईंना लाज वाटू नये म्हणून चटकन मान खाली घालून वहीत लिहू लागली. त्या खाली घातलेल्या मानेनं चेतनाची लपण्याची उरलीसुरली सोयही गेली.

शुक्रवारी सकाळी ती माळावर पोचली. बूट स्कूटरपाशी काढले. बजाबाई देवाजवळच होती, चार दिवसांत आणखी वाळलेली.

"फुलं देवानं नेली नाहीत, बजाबाई. मी नेली."

मग तिनं सगळं सांगितलं. मातीखालचा गड्डा, खणलेली जागा, उन्हात वाळून गेलेले ढीग. पुन्हा लावायला काहीच शिल्लक नाही, हेही सांगितलं. बजाबाईनं शेवटी विचारलं, "खाली गड्डा ऱ्हातो, ह्ये तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

खोटं बोलायला अजून एवढी एक जागा उरली होती. म्हातारीनंच ती करून दिली होती.

"माहीत होतं," चेतना म्हणाली. "दर वर्षी शिकवते मी."

"मग माज्या चपलांचं काय न्हाय?"

"काही नाही. तुमची काही चूक नव्हती."

बजाबाईनं खणलेल्या जागेकडं बघितलं. बेलाच्या रोपांना नवी पालवी फुटली होती. मग तिनं कमरेचं फडकं सोडलं, भाकरी काढली आणि सवयीनं तिचे दोन तुकडे केले. एक तुकडा धरलेला हात चेतनाकडं निम्मा आला आणि थांबला. तिनं तो मागं घेतला, दोन्ही तुकडे स्वतःच्या ओच्यात ठेवले आणि खाऊ लागली.

चेतना समोरच बसून राहिली. बजाबाईनं भाकरी सावकाश खाल्ली, सगळी, फडक्याला लागलेली चटणी बोटानं पुसून घेतली, आणि मेंढरं हाकत उतारानं निघून गेली.